कमलच्या गाडीचा ठोकळा

क्षिप्रेकाठची धर्मशाळा, देवासच्या अलीकडे
माघ शुद्ध दशमी, शके १८३१

प्रिय विनू,

हा कागद तुला बाबागाडीच्या गादीखाली सापडेल. उघडताना तात्यासाहेब जवळ असले तर वंगण, चाकं आणि टप यांबद्दलचा मजकूर तेवढा मोठ्याने वाच आणि बाकीचा मनात. गाडीवान मानाजीला मी तसंच पढवून ठेवलं आहे. "गाडी कशी राखायची त्याचा कागद हाय, ताईसाहेबांनीच वाचावा, अक्षर लई बारीक हाय," असं तो म्हणेल. त्यात खोटं काही नाही. गाडी कशी राखायची ते मी यात खरोखरच लिहिणार आहे, कारण गेले दीड महिने मी दुसरं काही केलेलं नाही. फक्त ते सरळ एका ओळीत लिहून होईल असं वाटत नाही. तू मला ओळखतेस. माझं बोलणं वाटेवर राहत नाही.

देवासची टेकडी इथून दिसते. डावा बैल सकाळपासून पाय टेकत नाही, मानाजी त्याच्या खुराला हळद-तेल चोळत बसला आहे आणि चार तासांशिवाय निघायचं नाही म्हणतो. मी आतापर्यंत तीनदा पुलावर जाऊन आलो, दोनदा गाडीच्या दोऱ्या सोडून पुन्हा बांधल्या. "बसा की जरा," मानाजी म्हणाला, "पाय बैलाचा दुखतोय, तुमचा न्हवं." मग कागद मागून घेतला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अफूची शेतं फुलली आहेत, नुसतं पांढरं. एरवी मी थांबून बघितलं असतं. आज त्या पांढऱ्याकडे बघितलं तरी डोळे दुखतात. तुमच्या दारापर्यंत मी येईन, उंबरा ओलांडणार नाही. तात्यासाहेब तुझे वडील आहेत, त्यांनी मला त्या दुपारी जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही. गाडी मानाजी आत आणील.

कॉलेज सोडून मी धारला आहे हे तुला माझ्या आत्याकडून कळलं असेलच. राजाबाई आत्याच्या तोंडून देवासच्या धाकट्या पातीतली, म्हणजे रस्त्यापलीकडच्या राज्यातली, बातमी तुमच्या थोरल्या पातीत यायला रस्ता ओलांडण्याइतकाच वेळ लागतो. दत्तोपंत मामांकडे गाडीखान्याचा कारभार आहे. सरकारी बग्ग्या, टांगे, खोगिरं यांची नोंद ठेवायची आणि मिस्त्री सांगेल ते मुकाट्याने करायचं, असं काम त्यांनी मला दिलं. मिस्त्रीचं नाव उमाशंकर. साठीचा, माळव्याचाच, हातात कायम कानस. मला भिया, म्हणजे भैया, म्हणतो. पहिल्याच दिवशी मी एका बग्गीच्या तुंब्याची, म्हणजे चाकाच्या मधल्या गड्ड्याची, खीळ रागाने ठोकून वाकडी केली. त्याने ती काढून माझ्या खिशात टाकली आणि म्हणाला, "रख लो भिया, जद गुस्सो आवे तो इने देख लीजो." ती अजून खिशात आहे. काही उपयोग होत नाही.

मार्गशीर्षात एका सकाळी तुझे दाजी, गोपाळराव, गाडीखान्यात आले. मी त्यांना लगेच ओळखलं. तुझ्या ताईच्या लग्नात मी त्यांच्या पंगतीत वरण वाढत होतो. त्यांनी मला ओळखलं नाही, वाढप्याचं तोंड कोण बघतो. मामांना म्हणाले, "आमची मुलगी आजोळी आहे, देवासला. तिला बसवून फिरवायला एखादी गाडी मिळाली तर हवी होती. तिची मावशी तिला दिवसभर कडेवर घेऊन असते. उजवा खांदा धरलाय म्हणे तिचा." विनू, तुझा खांदा दुखतो हे मला या माणसाच्या तोंडून कळावं याचा मला इतका राग आला की मी वहीतली ओळ दोनदा लिहिली. त्यांना ते पत्रातून कळलं होतं. तुमच्या घरचं पत्र त्यांना येतं, मला येत नाही, ही साधी गोष्ट. पण त्या दिवशी मी जेवलो नाही. आणि मामांनी काय करावं? "हा आमचा चिंतामणी," म्हणाले, "शिकलेला आहे, इंग्रजी वाचतो, तुमचं काम हाच करील."

करतो म्हणालो. का, ते विचारू नकोस. पहिले आठ दिवस माझ्या मनात चांगलं काहीच नव्हतं. एखादी अशी गाडी निवडावी की ती दारातच अडकावी आणि गल्लीभर गोपाळरावांचं हसं व्हावं, असं वाटत होतं. लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

लाजेचंच निघालं तर ते आधी होऊन जाऊ दे. ताईच्या अकराव्या दिवशी मी जे केलं त्याबद्दल मी तुला अजून एक शब्द बोललेलो नाही. परीक्षा पाच दिवसांवर होती. त्याआधी टेकडीच्या पायऱ्यांवर मी आपल्या दोघांचा विषय काढला तेव्हा तू मला एवढंच म्हणाली होतीस, "आधी परीक्षा दे, मग बोलू." सगळ्या जगात तू माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीस. पण ताई बाळंतपणात गेल्याची तार आत्याने केली आणि मी पुस्तकं तशीच टाकून आलो. ओसरीवर बसलेल्या दोन म्हाताऱ्या बोलत होत्या. "आता विनूलाच देतील गोपाळरावांना. पोरीला आई होईल, आणि हिचंही अठरा उलटलं, किती दिवस शाळेत शिकवणार." दाजी भटजींबरोबर घाटावर गेले होते. मी भर ओसरीवर ओरडलो. काय ओरडलो ते मला नीट आठवत नाही, पण राख, विस्तव, बाजार असे शब्द त्यात होते. तात्यासाहेब उठले, आवाज न चढवता म्हणाले, "चिंतामणी, या घराच्या उंबऱ्याबाहेर हो. परत आत येऊ नकोस." ते मला लागलं नाही. आत ताईची कमल दचकून उठली होती आणि रडत होती. दहा-बारा दिवसांचं पोर. तू आलीस, तिला उचललंस, माझ्याकडे न बघता आत गेलीस. तुझी पाठ मला रोज दिसते. परीक्षेला मी परत गेलोच नाही. कोणाला दाखवायची होती.

तर गाडी. महूच्या छावणीत विलायतेला परत जाणाऱ्या एका डॉक्टर साहेबाच्या सामानाचा लिलाव होता, तिथे मी आणि दाजी टांग्याने गेलो. अंगणात खुर्च्या, आरसे, एक पिंजरा आणि दोन बाबागाड्या मांडल्या होत्या. एक चार चाकांची, काळी कुळकुळीत, होडीएवढी, टपाला रेशमी झालर. दुसरी तीन चाकांची, मागे दोन मोठी आणि पुढे एक लहान, पाठ वेताची, टपाचा रंग विटलेला. दाजींची नजर पहिलीवर. कोणाचीही तीवरच जाईल. माझ्या मनात जे होतं त्याला तीच गाडी हवी होती. होय म्हटलं असतं की काम झालं असतं. आणि मी तोंड उघडलं तर बाहेर पडलं, "ती नको, साहेब. ही घ्या." ते म्हणाले, "तीन चाकांवर डळमळणार नाही का हो?" मी म्हटलं, तीन पायांची तिवई कशाही जमिनीवर ठेवा, तिन्ही पाय टेकतात. देवासच्या त्या गल्लीत दगड वरखाली आहेत, चारचाकीचं एक चाक सारखं हवेत राहील आणि पोर हिंदकळेल. शिवाय दरवाजा दोन हात चार बोटं, उंबरा उंच, बाहेर पडलं की लगेच उजवीकडे वळायचं, समोर गटाराची फरशी. चारचाकी तिथे उचलून वळवावी लागेल. ही मुठीवर जरा दाबली की पुढचं चाक उचलतं आणि गाडी जागच्या जागी फिरते.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हांला त्या दाराचं माप कसं ठाऊक?" मी म्हटलं, "देवासला सगळी दारं तेवढीच असतात." तुला आठवतं का, मी आत्याकडे शाळेला होतो तेव्हा तुमच्या झोपाळ्याची फळी त्या दारातून आडवी नेताना माझा हात चौकटीत सापडला होता. दोन हात चार बोटं, कारण चारही बोटं चेचली होती. हळद तू लावलीस आणि वर म्हणालीस, उभी धरली असती तर गेली असती.

त्यानंतर दाजींनी एक गोष्ट केली, ती तुला सांगायला हवी. त्यांनी उपरण्याची घडी करून गाडीत ठेवली आणि साहेबलोकांच्या देखत दहा पावलं गाडी ढकलून बघितली. लोक हसत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मग मला विचारलं, "मान मागे नाही ना पडणार तिची?" आणि केवढी असेल ते दोन्ही हातांनी दाखवलं. विनू, ते माप महिन्याच्या मुलाचं होतं. मी म्हटलं, "दहा महिन्यांची ना? मग याच्या दुप्पट झाली असेल." ते आपल्या हातांकडे बघत राहिले. "हो," म्हणाले, "झाली असेल." त्या माणसाचा राग करणं तिथून पुढे मला फार जड जायला लागलं. जमत होतं, पण जड.

गाडी धारला आणली आणि दाजींच्या आई, जानकीबाई, बघायला आल्या. पदर नाकाला लावून लांबूनच म्हणाल्या, "साहेबाचं पोर बसलेली गाडी. बसायला कातडं, पट्टे कातड्याचे, चाकात चरबी. ही सोवळ्याच्या घरात जायची?" उमाशंकर म्हणाला, "मांजी, पय्या के जनेऊ पेरई दूं कंई?" आणि चाकाला जानवं घालायच्या कल्पनेने सगळे हसले, पण जानकीबाईंचं खरं होतं. तुमच्या माजघरात हे चाललं नसतं. मग आम्ही तिन्ही चाकं उतरवली. तुंबे राखेच्या पाण्यात उकळून चरबी काढली, तीनदा, हात सोलवटले. कातड्याची बैठक काढून नवार विणली. पट्टे नवारीचे केले. तुंब्यातल्या कातडी चकत्या काढून जाड लोकरीच्या नमद्याच्या बसवल्या. वंगणाला मी शहाणपणा करून तिळाचं तेल घातलं, ते धुळीत मिसळून असं चिकट झालं की चाक फिरेना. आणि मी पुन्हा ठोकायला उठलो. "जोर मती करो, भिया, पेलां हाथ फेरो," उमाशंकर म्हणाला. हात फिरवून कुठे कचकचतं ते बोटांना कळतं. मला ते कळायला एकवीस वर्षं आणि एक बाबागाडी लागली.

आता मोठ्याने वाच. चाकांना एरंडेल, दुसरं काही नाही. दर आठ दिवसांनी, प्रत्येक तुंब्यात दोनच थेंब, मोरपिसाच्या देठाने सोडायचे. बाटली आणि पीस टपामागच्या खिशात आहेत. तेल रबराला लागू द्यायचं नाही, लागलं तर लगेच ओल्या फडक्याने पुसायचं, नाहीतर रबर फुगतं. उन्हात गाडी ठेवायची नाही. चैत्र-वैशाखात तर अंगणात नाहीच, रबर तडकेल. पावसाळ्यात गाडी पडून राहणार असेल तर आसाखाली दोन विटा ठेवून चाकं उचलून ठेव, एका जागी दाबून रबर चपटं होतं. टप मिटताना कमलचे हात तिच्या मांडीवर आहेत ना ते आधी बघ, टपाच्या काड्या बोट चिमटतात. पायरी उतरताना गाडी उलटी घ्यायची, मोठी चाकं आधी. उंबरा चढताना मुठीवर दाबून पुढचं चाक वर ठेवायचं, मग ढकलायचं, खेचायचं नाही. मुठीला पिशवी, तांब्या, काहीही अडकवायचं नाही, गाडी मागे कलंडेल. नवारीचा पट्टा तिच्या कमरेला प्रत्येक वेळी बांधायचा, ती रडली तरी. आणि या गाडीला थांबवायची कळ नाही, म्हणून बाभळीचा ठोकळा केला आहे, लाल दोरीने मुठीला बांधलेला. टेकडीकडच्या उतारावर मूठ सोडण्याआधी तो मागच्या चाकाखाली सरकवायचा. एक क्षणही सोडायची असली तरी.

आता मनात वाच. तो ठोकळा आधी नव्हता. गाडी तयार झाल्यावर मी ती गाडीखान्याच्या अंगणात रोज ढकलून बघत असे. कमलच्या वजनाएवढी ज्वारी कांबळ्यात गुंडाळून, पट्टा बांधून. टांगेवाले म्हणत, "काय भिया, बाळाला दात आले का?" एका दुपारी मामा चालत आले आणि सहज म्हणाले, "गोपाळरावांचं जमतंय वाटतं. देवासहून पत्र आलंय, मुलगी राजी असेल तर आमची हरकत नाही म्हणून. मेव्हणीच आहे ना, घरचंच झालं." मी मूठ सोडली आणि मामांकडे वळून ओरडायला लागलो. कोण म्हणतं, कोणाला विचारलं, असं काहीतरी. मामा बिचारे माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. अंगण हौदाकडे उतरतं. गाडी आवाज न करता गेली, एरंडेल चांगलं बसलं होतं ना. हौदाच्या कठड्यावर आपटली, आडवी झाली, कांबळं सुटलं आणि सगळी ज्वारी फरशीवर पसरली. दोन घोडे मान खाली घालून खायला लागले. सगळे हसले. मामाही हसले. मी खाली बसून ज्वारी गोळा करायला लागलो. ओरडत मी होतो, मागे काय चाललंय ते मला ठाऊक नव्हतं, आणि आपटलं ते भलतंच कोणी. अकराव्या दिवशीही तेच झालं होतं, नाही का?

उमाशंकरने पुढचं चाक सरळ केलं. ते दोन दिवसांचं काम होतं. तिसऱ्या दिवशी बाभळीचा एक तुकडा घेऊन आला, तासायला माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "गुस्सो तो आवेगो, भिया. पेलां ठोकळो लगई दो, पछे गुस्सो करो." ठोकळा मी तासला आहे. एक बाजू थोडी वाकडी आहे. धरतो मात्र घट्ट.

परवा निघालो. दाजींना रजा नव्हती. छकड्यावर गवत घालून गाडी बांधली, त्यांनी स्वतः प्रत्येक दोरी ओढून बघितली आणि मला म्हणाले, "सांभाळून न्या हो." मला. बेटम्याला बायका जमल्या, गाडी हाताने चाचपून विचारायला लागल्या, "बच्चो कां हे?" मानाजीने माझ्याकडे बोट दाखवलं, "ये रहा, दांत आ गए हैं, पर अकल नहीं आई." तो सगळ्या वाटेवर असाच बोलत आला आणि मी त्याला एकदाही उलट बोललो नाही, यावरून माझी अवस्था समज. इंदूर कधी मागे पडलं ते मला सांगता येणार नाही. गाडीत कांबळ्याखाली एक जड वस्तू आहे, खड्ड्यातून गेलो की ती एकदा इकडे, एकदा तिकडे लागते. सगळी वाट मी तो आवाज मोजत आलो. आज सकाळी ती वस्तू हातात घेऊन मी पहिल्यांदा पुलावर गेलो. मानाजीने विचारलं, "अंघोळीला का?" मी म्हटलं, "हो." आणि कोरडाच परत आलो. त्याने बघितलं आणि पुन्हा बैलाच्या खुराकडे वळला.

ती वस्तू म्हणजे नारळ आहे, विनू. हिरव्या खणात बांधलेला, आणि त्याच गाठीत साखरेची पुडी. दाजी पलीकडून दोऱ्या ओढत होते तेव्हा जानकीबाईंनी तो गाडीत पायांकडच्या बाजूला ठेवला, तुझ्या आईला देण्याची चिठ्ठी मानाजीकडे दिली आणि आम्हांला हळूच सांगितलं, "कमल पहिल्यांदा गाडीत बसेल तेव्हा पाच बायका बोलवायच्या आणि हे पोरीच्या नावानं तिच्या मावशीच्या पदरात घालायचं. आधी काही बोलायचं नाही. पदरात पडलं की पुढचं मी बघते." दाजींना हे ठाऊक नाही, मी जानकीबाईंना मुद्दाम विचारून घेतलं. तात्यासाहेबांनी मुलगी राजी असेल तर असं लिहिलं, म्हणून ही युक्ती. पाच सवाष्णींसमोर तू खण, नारळ आणि साखर पदरात घेतलीस, की तू राजी नव्हतीस असं उद्या कोण म्हणणार? पुलावर मी हात उचलला होता. खाली डोह आहे, कोणाला कळलं नसतं. मग वाटलं, हे टाकलं तर मीही तेच केलं, जे जानकीबाई करताहेत: तुला न विचारता तुझं ठरवलं. म्हणून नारळ जागेवर आहे आणि गाठ मी सोडलेली नाही. हे पत्र एवढ्यासाठीच, की पदर पुढे करशील तर तो ठाऊक असून कर, आणि मागे घेशील तर तोही. कमलसाठी हो म्हणालीस तर मी ते माझा अपमान समजणार नाही. निदान मोठ्याने समजणार नाही. मला तू हवी आहेस, ते खोडायचा प्रयत्न केला, जमला नाही. पण नारळ नाकारलास म्हणून तू माझ्याकडे आलंच पाहिजेस असंही नाही. परीक्षेचा अर्ज मी गेल्या महिन्यात भरला आहे. तुझं उत्तर काहीही आलं तरी परीक्षा देणार. बैलाचा पाय बरा होईपर्यंत मी आत्याच्या ओसरीवर असेन, रस्त्याच्या पलीकडे, दुसऱ्या राज्यात, जिथे तात्यासाहेबांचा हुकूम चालत नाही. कमलला गाडीत बसवून दारात आणशील तेव्हा पुढचं चाक आत्याच्या घराकडे असलं तर मी तुझ्या वडिलांच्या पाया पडायला येईन, उंबऱ्याबाहेरून. ते टेकडीकडे असलं तर मानाजीबरोबर परत निघेन आणि कोणाला एक शब्द बोलणार नाही. तीन चाकांची गाडी आहे, कुठे बघते ते लांबूनही कळतं. ठोकळा मात्र दोन्ही वेळा लाव.

हात अजून एरंडेलाचे आहेत, कागदाला डाग पडलेत, तेवढे पदरात घे.

तुझाच,
चिंतामणी